सिम्पसन सफारी

'सिम्पसन सफारी' हा 'द सिम्पसन्स' या अमेरिकी ॲनिमेटेड विनोदी मालिकेच्या बाराव्या पर्वातील सतरावा भाग आहे. तो १ एप्रिल २००१ रोजी अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर प्रथम प्रसारित झाला. या भागाचे लेखन जॉन स्वार्ट्झवेल्डर यांचे असून दिग्दर्शन मार्क कर्कलंड यांनी केले आहे. बक्षीस म्हणून मिळालेल्या प्रवासात सिम्पसन कुटुंब पूर्व आफ्रिकेतील टांझानियात जाते आणि तेथे एकामागून एक संकटात सापडते, असे त्याचे कथासूत्र आहे. पर्यटकांच्या मनातील आफ्रिकेची ठोकळेबाज प्रतिमा हा या भागातील विनोदाचा मुख्य विषय आहे. मात्र ही प्रतिमा हास्यास्पद ठरवताना भाग स्वतःही तिचाच आधार घेतो. त्यामुळे टांझानियाचा प्रत्यक्ष भूगोल व इतिहास आणि पडद्यावरील देश यांत मोठे अंतर पडले आहे.

पार्श्वभूमी

मॅट ग्रोनिंग यांनी निर्माण केलेली 'द सिम्पसन्स' ही मालिका १७ डिसेंबर १९८९ रोजी सुरू झाली. स्प्रिंगफिल्ड नावाच्या काल्पनिक अमेरिकी शहरात राहणारे होमर व मार्ज हे दांपत्य आणि त्यांची बार्ट, लिसा व मॅगी ही तीन मुले तिच्या केंद्रस्थानी आहेत. कुटुंबाचा परदेशप्रवास हा मालिकेतील एक रूढ कथाप्रकार आहे. 'बार्ट व्हर्सस ऑस्ट्रेलिया' (१९९५) या भागात ऑस्ट्रेलिया, तर 'थर्टी मिनिट्स ओव्हर टोकियो' (१९९९) या भागात जपान दाखवला आहे. पुढे 'ब्लेम इट ऑन लिसा' (२००२) मध्ये ब्राझीलमधील रिओ दी जानेरो आणि 'किस किस, बँग बँगलोर' (२००६) मध्ये भारत आला. अशा भागांत संबंधित देशाविषयी अमेरिकी प्रेक्षकांना असलेली ढोबळ माहिती अतिशयोक्त स्वरूपात मांडली जाते.

बाराव्या पर्वाची मुख्य जबाबदारी माइक स्कली यांच्याकडे होती. या भागाचे लेखक स्वार्ट्झवेल्डर यांच्या नावावर मालिकेतील सर्वाधिक, म्हणजे ५९ भागांचे लेखन आहे.

कथानक

घरात खायला काही नाही म्हणून होमर वाणसामानाच्या दुकानात जातो. सर्व सामान एकाच पिशवीत भरावे, पण ती पिशवी जड होऊ नये, असा त्याचा आग्रह असतो. अशा वागणुकीमुळे दुकानात पिशव्या भरून देणारी मुले चिडून संप पुकारतात. शहरातील खरेदी बंद पडते आणि सिम्पसनांच्या घरातील अन्न संपते. शोधाशोध करताना त्यांना प्राण्यांच्या आकाराच्या बिस्किटांचे एक जुने खोके सापडते. त्यातील एक जिराफ बिस्किटाचा नसून सोन्याचा निघतो. ज्याला तो मिळेल त्याला आफ्रिकेचा प्रवास, अशी त्या कंपनीची योजना असते. स्पर्धा केव्हाच संपली असल्याचे कंपनीचे प्रतिनिधी सांगतात. परंतु होमरच्या डोळ्याला झालेल्या इजेचा प्रश्न निघताच ते प्रवासाला संमती देतात.

विमान टांझानियात उतरण्यापूर्वीच देशाचे नाव बदलून 'न्यू झांझिबार' झाल्याचे विमानात जाहीर होते. लगेच दुसरी घोषणा होते आणि त्या नावापुढे पेप्सी या शीतपेयाचे नाव प्रायोजक म्हणून जोडले जाते. किटेंगे नावाचा वाटाड्या कुटुंबाला वन्यप्राणी आणि मसाई लोकांचे गाव दाखवतो. होमरमुळे चवताळलेला पाणघोडा त्यांच्या मागे लागतो. या पळापळीत त्यांची किटेंगेशी चुकामूक होते. मसाई ढालीचा तराफा करून ते नदीतून वाहत जातात, व्हिक्टोरिया धबधब्यावरून खाली कोसळतात आणि तरीही बचावतात.

वाट चुकलेल्या कुटुंबाला डॉ. जोन बुशवेल ही चिंपांझींवर संशोधन करणारी शास्त्रज्ञ आपल्या अभयारण्यात आश्रय देते. तेथे हल्ला होतो तेव्हा हल्लेखोर हे चोरटे शिकारी असल्याचे बुशवेल सांगते, म्हणून सिम्पसन कुटुंब तिच्या बाजूने लढते. प्रत्यक्षात ते ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे कार्यकर्ते असतात. बुशवेल चिंपांझींना हिऱ्यांच्या खाणीत गुलामांसारखे राबवत असते आणि कार्यकर्ते त्यांना सोडवण्यासाठी आलेले असतात. उघडे पडल्यावर बुशवेल सिम्पसन कुटुंबाला गप्प राहण्याच्या बदल्यात हिरे देऊ करते. परतीच्या विमानात प्रवाशांची सेवा करणारा परिचर हा देशाचा पदच्युत अध्यक्ष मुन्टू असल्याचे कळते. वाटाड्या किटेंगे देशाचा नवा अध्यक्ष झालेला असतो.

नावे आणि शब्द

शीर्षकातील 'सफारी' हा शब्द स्वाहिली भाषेतून इंग्रजीत आला. स्वाहिलीत त्याचा अर्थ केवळ 'प्रवास' असा आहे. शिकार किंवा वन्यप्राणी पाहण्यासाठी काढलेली सहल हा मर्यादित अर्थ युरोपीय लोकांच्या वापरातून रूढ झाला. मूळ अरबी 'सफर' या शब्दापासून तो बनला असून मराठीतील 'सफर' हा शब्दही त्याच मुळाचा आहे.

पात्रांची नावे पूर्व व मध्य आफ्रिकेतील सामान्य नामे आहेत. 'किटेंगे' हा पूर्व आफ्रिकेत स्त्रिया नेसतात त्या रंगीत छापील सुती कापडासाठी वापरला जाणारा स्वाहिली शब्द आहे. 'मुन्टू' या शब्दाचा अर्थ अनेक बांटू भाषांत 'माणूस' असा होतो. भागातील वाटाड्याचे नाव अशा प्रकारे एका कापडाचे, तर राष्ट्राध्यक्षाचे नाव 'माणूस' असे आहे.

चित्रण आणि वास्तव

भूगोल : व्हिक्टोरिया धबधबा टांझानियात नाही. तो झांबेझी नदीवर, झांबिया व झिम्बाब्वे यांच्या सीमेवर आहे. त्याची उंची सुमारे १०८ मीटर आणि रुंदी सुमारे १,७०० मीटर असून त्याचे स्थानिक नाव 'मोसी-ओआ-तुन्या' आहे. मसाई लोकांची वस्ती उत्तर टांझानिया व दक्षिण केनियात असून तेथून हा धबधबा दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्या प्रदेशातून झांबेझीत वाहत जाणारी नदीही नाही. आफ्रिकेतील प्रसिद्ध दृश्ये कथेच्या सोयीसाठी एका प्रवासात जोडली गेल्याने अनेक देशांचा खंड एकाच देशासारखा दिसतो.

राजकीय इतिहास : देशाचे नाव सतत बदलण्याच्या विनोदाला आफ्रिकेच्या इतिहासात आधार आहे. ऱ्होडेशियाचे १९८० मध्ये झिम्बाब्वे, अपर व्होल्टाचे १९८४ मध्ये बुर्किना फासो आणि झाईरचे १९९७ मध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताक झाले. वसाहतकाळाशी किंवा एखाद्या राजवटीशी जोडलेले नाव टाकून देणे हा यातील बहुतेक बदलांचा हेतू होता. टांझानियाला मात्र हा विनोद फारसा लागू पडत नाही. टांगानिका ९ डिसेंबर १९६१ रोजी स्वतंत्र झाला. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि २६ एप्रिल १९६४ रोजी दोन्ही देशांचे एकत्रीकरण झाले. त्याच वर्षी दोन्ही नावांतील आद्याक्षरे जुळवून 'टांझानिया' हे नाव घेण्यात आले आणि ते आजतागायत कायम आहे. एकत्रीकरणानंतर या देशात लष्करी बंडाने सत्तांतर झालेले नाही. पहिले अध्यक्ष जुलियस न्येरेरे १९८५ मध्ये स्वेच्छेने पदावरून दूर झाले. सत्ता उलथली जाण्याचा शेवटचा प्रसंग त्यामुळे कथेने निवडलेल्या देशापेक्षा 'आफ्रिका' या ढोबळ कल्पनेशी अधिक संबंधित आहे.

शास्त्रज्ञ : बुशवेल हे पात्र ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जेन गुडॉल (१९३४–२०२५) यांचे विडंबन आहे. गुडॉल यांनी जुलै १९६० मध्ये टांगानिका सरोवराच्या काठावरील गोंबे येथे चिंपांझींचा अभ्यास सुरू केला. वारुळातील वाळवी काढण्यासाठी चिंपांझी काड्यांचा उपयोग करतात आणि पाने ओरबाडून त्या काड्या तयारही करतात, हे त्यांनी नोंदवले. त्यामुळे साधने बनवणारा प्राणी केवळ मनुष्य, ही समजूत मोडीत निघाली. गोंबेला १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. प्राण्यांच्या संरक्षणासाठी आयुष्य वेचणारी व्यक्तीच त्यांचे शोषण करते, हा कथेतील कलाटणीचा विनोद गुडॉल यांच्या ख्यातीच्या नेमक्या उलट प्रतिमेवर उभा आहे.

हिरे : टांझानियात हिरे सापडतात ही बाब खरी आहे. देशाच्या उत्तर भागातील म्वादुई येथील साठ्याचा शोध कॅनडाचे भूशास्त्रज्ञ जॉन विल्यमसन यांनी १९४० मध्ये लावला. हा भाग प्रसारित झाला त्या काळात सिएरा लिओन व अंगोला येथील यादवी युद्धांना पैसा पुरवणाऱ्या हिऱ्यांचा प्रश्न जगभर चर्चेत होता. अशा हिऱ्यांच्या व्यापाराला आळा घालणारी किम्बर्ली प्रमाणन व्यवस्था २००३ मध्ये अमलात आली.

विनोदाचे स्वरूप

या भागातील उपहासाला दोन बाजू आहेत. एका बाजूला बिस्किटाच्या खोक्यातून मिळालेली सहल, प्रायोजकाला विकले गेलेले देशाचे नाव आणि यजमानांविषयी काहीही न जाणून घेता वावरणारा होमर यांतून पर्यटन व बाजारव्यवस्था यांची थट्टा केली आहे. संरक्षक मानली जाणारी पाश्चात्त्य शास्त्रज्ञ शोषक ठरते, हा प्रसंगही आफ्रिकेला वाचवायला आलेल्या परक्याच्या प्रतिमेला छेद देतो. दुसऱ्या बाजूला हिंस्र प्राणी, नृत्य करणारे आदिवासी आणि अस्थिर शासन यांपलीकडचा टांझानिया कथेत दिसत नाही. उत्तरार्धातील संघर्षात बुशवेल, ग्रीनपीसचे कार्यकर्ते आणि सिम्पसन कुटुंब असे तिन्ही पक्ष बाहेरचेच आहेत. ज्यांच्या भूमीवर तो घडतो त्या लोकांना त्यात स्थान नाही. किटेंगे हे एकमेव ठळक स्थानिक पात्र मध्यंतरी कथेबाहेर जाते आणि अखेरीस सत्तांतराच्या विनोदापुरते परतते.

परदेशप्रवासाच्या भागांतील अशा चित्रणामुळे मालिकेला पुढच्याच वर्षी प्रत्यक्ष विरोधाला सामोरे जावे लागले. 'ब्लेम इट ऑन लिसा' मधील रिओच्या चित्रणाविरुद्ध त्या शहराच्या पर्यटन मंडळाने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि निर्माते जेम्स एल. ब्रूक्स यांनी दिलगिरी व्यक्त केली.

नंतरचा संदर्भ

ज्यांच्यावर बुशवेल हे पात्र बेतले होते त्या जेन गुडॉल यांनी पुढे स्वतः या मालिकेत सहभाग घेतला. २०१९ मध्ये प्रसारित झालेल्या 'गोरिलाज ऑन द मास्ट' या भागात त्यांनी स्वतःच्याच भूमिकेला आवाज दिला. तो भाग बंदिस्त प्राण्यांच्या सुटकेविषयी आहे.