थायरॉइडच्या अहवालातील 'सामान्य' आकडा ठरतो कसा?

वाशीम, रिसोड वा कारंजा येथे थायरॉइडची रक्तचाचणी केली, की हाती पडणाऱ्या अहवालात रुग्णाच्या आकड्याशेजारी 'संदर्भ मर्यादा' छापलेली असते. टीएसएच या संप्रेरकासाठी ती बहुधा ०.४ ते ४ च्या आसपास असते. आकडा तिच्याबाहेर गेला की घरात काळजी सुरू होते, आणि कित्येकदा रोजची गोळीही.

ही मर्यादा ठरविण्यासाठी निरोगी व्यक्तींचे रक्त तपासतात. अशा किमान १२० व्यक्ती असाव्यात, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. गलगंड असलेले, थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे आढळलेले, घराण्यात हा विकार असलेले लोक वगळले जातात. उरलेल्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडून दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडले, की मधला भाग म्हणजे संदर्भ मर्यादा. साहजिकच वीस निरोगी माणसांतील एखादा तिच्याबाहेर पडणारच. तो रुग्ण असतोच असे नाही.

मर्यादा कोणाच्या रक्तावरून काढली, याला गर्भवतींच्या बाबतीत विशेष महत्त्व येते. दिल्लीतील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ५४१ गर्भवतींपैकी वरीलप्रमाणे गाळणी लावून ३३१ उरल्या. पहिल्या तिमाहीत त्यांची टीएसएचची मर्यादा ०.६ ते ५ अशी निघाली. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने मात्र २०११ साली, स्थानिक आकडे नसल्यास, त्या तिमाहीसाठी २.५ ही वरची मर्यादा सुचविली. साडेतीन आकडा असलेली स्त्री एका मापाने आजारी, दुसऱ्या मापाने निरोगी! २०१७ साली त्याच संस्थेने स्थानिक मर्यादेलाच प्राधान्य दिले आणि ती नसल्यास सुमारे ४ ही मर्यादा मान्य केली.

मुंबई व गोव्यासह आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉइडची कमतरता आढळली. किनाऱ्यापेक्षा अंतर्भागातील शहरांत प्रमाण अधिक होते. वाशीमसारखा जिल्हा मात्र त्यात नव्हता.

जिल्ह्याच्या गावातील प्रयोगशाळेला १२० निरोगी माणसे जमविणे अवघडच. तिच्यासाठी सोपा मार्ग आहे: यंत्र उत्पादकाने दिलेली मर्यादा २० स्थानिक निरोगी व्यक्तींवर पडताळावी, दोनपेक्षा अधिक बाहेर पडले नाहीत, तर ती स्वीकारता येते. रुग्णाने पुनर्तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत व त्याच वेळी करावी, कारण टीएसएच रात्री वाढते आणि दुपारी उतरते.