सुरम्याचं आडनाव

‘अल्डिहाइड’ म्हटलं की बारावीच्या पोरांच्या कपाळाला आठ्या पडतात. वास्तविक तो काटछाट करून जोडलेला शब्द. जर्मन रसायनज्ञ युस्टुस लीबिगने १८३५ साली ‘अल्कोहोल डीहायड्रोजेनाटुस’, म्हणजे हायड्रोजन काढून घेतलेलं अल्कोहोल, या लांबलचक लॅटिन नावाच्या दोन शब्दांची डोकी तेवढी उचलली आणि एकमेकांना चिकटवली. नावातच कृती आली: इथेनॉलच्या रेणूतून हायड्रोजनचे दोन अणू काढा, अल्डिहाइड तयार.

गंमत आहे ती त्यातल्या ‘अल’ची. अल्कोहोल हा मूळचा अरबी ‘अल-कुह्ल’. कुह्ल म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. ‘अल’ हे नुसतं उपपद, अर्थाचं सगळं ओझं ‘कुह्ल’च्या डोक्यावर. सुरम्याच्या वस्त्रगाळ पुडीवरून युरोपात हा शब्द कुठल्याही बारीक भुकटीला लागला, पुढे अर्काला. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने तो वाइनच्या अर्काला बसवला. डोळ्यांतून निघाला तो थेट पेल्यात!

१८९२ साली जिनिव्हात रसायनज्ञ जमले आणि त्यांनी एकेका कुळाला शेपूट वाटून दिलं. अल्कोहोलांना ‘ऑल’, कीटोनांना ‘ओन’, अल्डिहाइडांना ‘आल’. ज्याला स्वतःचा म्हणावा असा अर्थच नाही, ते अरबी उपपद असं एका अख्ख्या कुळाचं आडनाव होऊन बसलं.

आपल्या लिपीत तर ‘इथेनॉल’ आणि ‘इथेनाल’ यांत फरक फक्त एका अर्धचंद्राचा. उत्तरपत्रिकेत तेवढा द्यायचा राहिला की कूळ बदलतं आणि गुणही जातो.