बहात्तर तासांचं डिप्लॉयमेंट

शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. म्हणून जेमी लर्नरची गोष्ट वाचली तेव्हा हसूच आलं. या बाबाने १९७२ साली अख्खा रस्ता शुक्रवारी संध्याकाळी बदलायला घेतला!

गाव कुरितिबा, दक्षिण ब्राझीलमधल्या पराना राज्याची राजधानी. लर्नर तिथलाच. शिक्षणाने आर्किटेक्ट, वय ३४, आदल्याच वर्षी महापौर झालेला. भर बाजारपेठेतला रस्ता त्याला फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवायचा होता. दुकानदार अर्थातच खवळले. (आपल्या लक्ष्मी रोडवर असं नुसतं बोलून बघा!) ते कोर्टात गेले तर काम अडकणार. म्हणून कोर्ट बंद झाल्यावर शुक्रवारी काम सुरू केलं आणि ७२ तासांत संपवलं. पुढे काही गाडीवाले रस्त्यात घुसणार अशी कुणकुण लागली, तर पालिकेने तिथे लांबच लांब कागद अंथरून पोरांना चित्रं काढायला बसवलं. आणि दुकानदार? धंदा वाढल्यावर तेच म्हणाले, अजून रस्ते असे करा.

इथे थांबलं तर गोष्ट झकास आहे. पण दोन गोष्टी राहतात.

एक म्हणजे, ब्राझीलमध्ये तेव्हा लष्करी राजवट होती. राज्यांच्या राजधान्यांचे महापौर निवडून येत नसत, नेमले जात. म्हणजे लर्नरला मतांची फिकीर नव्हती. आमच्या लंच टेबलवर यातून लगेच निष्कर्ष निघतो, "बघ, हुकूमशहाच पाहिजे!" पण लोकशाही परतल्यावर १९८८ साली हाच लर्नर रीतसर निवडून आला, आणि तो रस्ता आजही चालणाऱ्यांचाच आहे. नुसत्या दंडुक्यावर हे टिकलं नसतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या ७२ तासांच्या मागे सात वर्षं होती. १९६५ साली कुरितिबाने शहर नियोजनाची स्वतःची संस्था काढली. लर्नर ती उभी करणाऱ्यांपैकी एक, आणि महापौर होण्याआधी तिचा प्रमुखही. मोठे रस्ते कुठून न्यायचे, त्यांच्या कडेलाच उंच इमारतींना परवानगी कशी द्यायची, पुराचं पाणी जिरायला नदीकाठी बागा कुठे ठेवायच्या, हे सगळं आधी कागदावर होतं. १९७४ मध्ये खास मार्गिकेतून बस धावू लागली ती त्याच आराखड्यातून. महापौर बदलले, संस्था राहिली.

पुण्यात २००६ साली बीआरटी आली. मार्गिका आली, बस आली, पण मागची ती वर्षं आली नाहीत. लक्ष्मी रोडही डिसेंबर २०२१ मध्ये गाड्यांसाठी बंद झाला होता... एक दिवस!

परवा सिव्हिल करणाऱ्या मावसभावाने विचारलं, "दादा, प्लॅनिंगमध्ये पुढे शिकू का? स्कोप आहे?" पॅकेजचं मी काय सांगणार? पण एवढं म्हणालो, की महापौर व्हायची स्वप्नं नंतर बघ. आधी एखाद्या पालिकेत कंटाळवाण्या नकाशांसमोर सात वर्षं बसायची तयारी आहे का ते ठरव. शुक्रवारची संध्याकाळ त्यानंतर येते.