कुतचा वेढा आणि घरोघरची समजूत

इ. स. १९१५ च्या नोव्हेंबरांत जनरल टाउनशेंड यांची सहावी पुणें डिव्हिजन बगदादच्या वाटेवर टेसिफॉनपर्यंत गेली, तेथें जबर हानि सोसून मागें फिरली आणि ७ डिसेंबरपासून कुत-अल-अमारा येथें तुर्कांच्या वेढ्यांत अडकली. वेढ्यांत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणीही होत्या. घोड्याचें मांस खाण्यास पुष्कळ हिंदी शिपायांनीं बरेच दिवस नकार दिला. जवाच्या पिठाच्या तुटपुंज्या शिध्यावर राहिल्यानें त्यांना स्कर्व्हीनें गांठलें. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० माणसें शरण गेलीं.

पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांस हें कळलें तें तारांच्या त्रोटक मजकुरावरून. आणि जखमींची तराफ्यांवर झालेली दैना उघड झाली ती १९१७ सालीं मेसापोटेमिया कमिशनचा अहवाल निघाल्यावर. भारतमंत्री चेंबरलेन यांनीं त्यापायीं राजीनामा दिला. शहरांत मात्र चर्चा रंगे ती हिंदी तरुणांस राजाचें कमिशन मिळेल काय, सैन्यभरतीच्या मोबदल्यांत स्वराज्य पदरांत पडेल काय, याची. जून १९१८ मध्यें मुंबईच्या युद्धपरिषदेंत लॉर्ड विलिंग्डन यांनीं टिळकांचें भाषण मध्येंच थांबविलें, तेंही स्वराज्याचा विषय निघतांच. प्रश्न रास्तच होता. पण ज्या घरांतून कोणी पलटणींत गेलेंच नव्हतें, तेथें लढाई ही वाटाघाटीची बाब होऊन राहिली, यांत नवल नाहीं.

सातारा-रत्नागिरीकडील घरांत लढाई येई ती पत्रांतून; आणि तींही बहुधा दुसऱ्याकडून लिहविलेलीं, सेन्सॉरनें वाचलेलीं. फ्रान्समधील हिंदी शिपायांनीं यावर तोड काढली होती. काळी मिरी संपत आली, असें कोणी घरीं कळवी; काळी मिरी म्हणजे हिंदी पलटणी आणि लाल मिरची म्हणजे गोऱ्यांच्या. सेन्सॉरचे अधिकारी हें ओळखून होते! कुतच्या कैद्यांस मात्र असली युक्तिही दुर्मिळ. वाळवंट तुडवीत त्यांतील पुष्कळ हिंदी शिपाई रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर गेले, आणि कित्येक वाटेंतच पडले. तेथें काय झालें हें गांवाला समजलें तें जे परत आले त्यांच्या तोंडून, तेंही ते बोलले तेवढेंच.

युद्धानंतर सरकारनें अनेक गांवीं स्मारकशिळा बसविल्या. त्यांवर गांवाचें नांव, १९१४-१९१९ हीं सालें, किती माणसें महायुद्धास गेलीं आणि किती मेलीं हे दोन आंकडे असतात. कुतचें नांव तेथें नसतें, मेलेल्यांचींही नसतात.