बाटलीतला जन्म आणि जातीचा दाखला

सरकारी पाळतीचा विषय निघाला की आपल्याकडचे विचारवंत लगेच जॉर्ज ऑरवेलच्या ‘१९८४’कडे धावतात. घरातल्या माणसांवर नजर ठेवणारा पडदा, भिंतीभिंतीवरचा ‘बिग ब्रदर’, मनातल्या विचारांवर पहारा करणारे पोलीस. कादंबरी मोठी आहे, वाद नाही. पण ‘उद्या आपल्यावर हे दिवस येतील’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, ‘आपल्यावर’ म्हणजे नेमके कोणावर? या देशात काही समाजांनी ते दिवस केव्हाच भोगले आहेत.

ऑरवेल बिहारमधल्या मोतीहारीत १९०३ साली जन्मला. १९२२ ते १९२७ तो ब्रह्मदेशात इंग्रजांच्या पोलीस खात्यात होता, आणि ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. त्याच ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ पासून गुन्हेगार जमाती कायदा होता. जमात एकदा जाहीर झाली की माणसाने चोरी केली की नाही हा प्रश्नच संपला. पोलिसांच्या नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, हद्दीबाहेर जायचे तर पास. सोलापूरला तारेच्या कुंपणात अख्खी सेटलमेंट वसवली होती. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ वाचा. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, तरी त्यानंतरही पोलीस पालावर कसे येत राहिले ते कळेल. कारागृहांच्या नियमावलीतले जातीवर आधारलेले भेद आणि विमुक्तांवरचा ‘सराईत’पणाचा शिक्का सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. म्हणजे कायदा गेल्यावर बहात्तर वर्षांनी.

आता ‘१९८४’ पुन्हा उघडा. त्यात पाळत आहे ती पक्षाच्या सभासदांवर, लिहित्या-वाचत्या कारकुनांवर. बहुसंख्य श्रमिकांना पक्ष किरकोळीत काढतो. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरात तो पडदासुद्धा नाही. आपल्याकडे नेमके उलटे घडले. पहारा तळातल्यांवर होता आणि वरचे निवांत होते. मध्यमवर्गाला ही कादंबरी इतकी जवळची का वाटते, याचे उत्तर आम्हाला इथे सापडते. ती त्याच्याच भीतीची गोष्ट आहे.

आमच्या मते आपल्या व्यवस्थेच्या जास्त जवळ गेला तो ऑल्डस हक्सले. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ १९३२ साली आली, पुणे कराराच्या वर्षी. तिच्यात माणसे बाटलीत जन्मतात आणि बाटलीतच त्यांचा वर्ग ठरतो. अल्फा सगळ्यात वर, एप्सिलॉन सगळ्यात खाली. खालच्यांची वाढ खुंटावी म्हणून बाटलीतच दारू मिसळतात. बीटा वर्गाच्या मुलांना झोपेत धडे देतात, की अल्फांना फार मेहनत पडते, आपण बीटा आहोत हेच बरे, आणि गॅमा-डेल्टा तर मूर्खच. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, ती हीच. प्रत्येकाला तुच्छ लेखायला खाली कोणीतरी मिळाले की वरच्याविरुद्ध कोणी एकत्र येत नाही. हक्सले १९२५-२६ मध्ये भारतात फिरून गेला होता आणि या वर्गांना त्याने ‘कास्ट’ हाच शब्द वापरला. फरक एवढाच, की त्याच्या सरकारला त्यासाठी कारखाना लागतो. इथे आईबाप आणि आडनाव पुरले.

पण हक्सलेच्या कादंबरीत एकही एप्सिलॉन बाटलीतून बाहेर येत नाही. कुरकुर करतात ते अल्फा. या जागी हक्सलेची कल्पनाशक्ती संपते आणि आमच्या नागपूरचा इतिहास सुरू होतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत ती बाटलीच फोडली. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. १९६१ मध्ये ते सुमारे २८ लाख झाले.

यावर राज्यसंस्थेने काय केले? लाठी चालवायची गरजच पडली नाही, कागद पुरला. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद आधीच तयार होता. हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा नाही, असे तो सांगत होता. पुढे १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली, बौद्धांची नाही. महाराष्ट्राने १९६० पासून नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राची नोकरी आणि राखीव मतदारसंघ बंदच राहिले. मग घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, तोंडी त्रिशरण-पंचशील, आणि दाखल्यावर ‘हिंदू महार’. एकाच वेळी दोन परस्परविरोधी गोष्टी खऱ्या मानायच्या, याला ऑरवेलने ‘डबलथिंक’ म्हटले. त्याच्या कादंबरीत तो पक्षाचा मानसिक व्यायाम आहे. आमच्या आधीच्या पिढीला तो मुलाच्या फीमाफीसाठी आणि पोटासाठी करावा लागला. त्यांना ‘अर्धवट बौद्ध’ म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी तो परिच्छेद वाचावा.

बौद्धांचे नाव त्यात आले १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात. तोवर चौतीस वर्षे उलटली होती. दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिम आजही त्या परिच्छेदाबाहेर आहेत. त्यांच्या प्रश्नावर केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. बौद्धांना घेताना हेच लोक बाहेर का ठेवले, हे आता आपल्या बौद्ध संघटनांनीही विचारले पाहिजे.