डोंगरातलं फूल, बोगद्यातलं पाणी

डेन्व्हरमध्ये माझ्या घरापुढच्या उतारावर जूनमध्ये जे पिवळंधमक फुलतं, ते सल्फर बकव्हीट. एरिओगोनम अंबेलाटम हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि कूळ आपल्या आंबट चुक्याचंच. कोलोरॅडोच्या डोंगरउतारांवर ते पूर्वापार आहे. वनस्पतिशास्त्राला मात्र त्याची ओळख झाली 1820 च्या उन्हाळ्यात. मेजर स्टीफन लाँग यांची सरकारी मोहीम तेव्हा मिझुरी नदीकडून रॉकी पर्वताच्या पायथ्याशी पोचली होती. मोहिमेतला एडविन जेम्स हा 22 वर्षांचा डॉक्टर वाटेत दिसेल ते रोप उपटून कागदात दाबून ठेवायचा. 14 जुलैला तो दोन सोबत्यांबरोबर पाइक्स पीकच्या माथ्यावर चढला. त्याची रोपं न्यूयॉर्कला जॉन टॉरी यांच्याकडे गेली, आणि टॉरींनी 1827 मध्ये या बकव्हीटचं वर्णन छापलं.

याच मोहिमेने इथल्या मैदानांवर वाळवंटाचा शिक्का मारला. ही जमीन शेतीला जवळजवळ निरुपयोगी आहे, असा लाँग यांचा निष्कर्ष होता. अरापाहो आणि शायान लोक या मैदानांत राहत होते, डोंगरात यूट होते. पण मोहिमेचा नकाशा बोलला ती वाळवंटाचीच भाषा. मोहिमेच्या सामानात इथल्याच मातीत तगणारी रोपं होती. ती हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या रोपांच्या संग्रहाच्या, कपाटात गेली, आणि वाळवंट हा शब्द लोकांच्या डोक्यात राहिला. पुढची दीडशे वर्षं इथे जे बागकाम झालं, ते तो शब्द खोटा ठरवण्यासाठीच झालं असं मला वाटतं.

1858 मध्ये सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी डेन्व्हर वसवलं. 1867 मध्ये साउथ प्लॅट नदीचं पाणी सिटी डिच या कालव्याने गावात आलं, आणि कडेला झाडं उभी राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महापौर रॉबर्ट स्पीअर यांनी नागरिकांना फुकट रोपं वाटली. सावलीबद्दल माझी काही तक्रार नाही. मला खुपते ती हिरवळ. केंटकी ब्लूग्रास हे ओल्या हवेतलं गवत, आणि डेन्व्हरला वर्षाकाठी पाऊस-बर्फ मिळून जेमतेम 36 सेंटिमीटर पाणी मिळतं. मी म्हसवडची. आमच्या माणदेशातही याहून जास्त पाऊस पडतो, आणि तिथे माणसं टँकरची वाट पाहतात.

मग हे गवत जगलं कशावर? पर्वतापलीकडच्या पाण्यावर. मॉफट बोगद्यातून 1936 मध्ये ते पाणी येऊ लागलं. 1962 मध्ये 37 किलोमीटर लांबीचा रॉबर्ट्स बोगदा पुरा झाला, आणि त्यासाठी बांधलेल्या जलाशयाखाली डिलन गावाची जुनी जागा गेली. गाव उठवून दुसरीकडे वसवावं लागलं. धरणापायी उठलेल्या गावांची दुःखं ऐकत मी वाढले. त्या पाण्याचा केवढा तरी वाटा अंगणातल्या गवतावर फवारला जातो, हे कळल्यापासून स्प्रिंकलरचा आवाज मला सोसत नाही.

1977 च्या दुष्काळाने शहराला धक्का दिला. 1981 मध्ये डेन्व्हरच्या पाणीखात्याने कमी पाण्याच्या बागेची कल्पना पुढे आणली आणि तिला झेरिस्केप असं नाव दिलं. 1997 मध्ये कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटी, डेन्व्हर बोटॅनिक गार्डन्स आणि नर्सरीवाले यांचा प्लांट सिलेक्ट हा उपक्रम सुरू झाला. त्यांनी निवडलेल्या रोपांत सल्फर बकव्हीटचा एक वाण आहे, कॅना क्रीक. माझ्या उतारावर आहे तो हाच. तरी कित्येक वसाहतींच्या नियमात हिरवळ सक्तीची होती. आमच्या वसाहतीनेही गवत काढल्याबद्दल मला नोटीस पाठवली होती. 2013 मध्ये राज्याने कायदाच केला, की कमी पाण्याच्या बागेला वसाहतीने मनाई करायची नाही. आमचा वाद तिथे मिटला.

सल्फर बकव्हीट पाण्याने नाही मरत, साचलेल्या पाण्याने मरतं. त्याचं मूळ जाड, लाकडासारखं, सरळ खोल जाणारं. आमच्याकडची माती चिकण, म्हणून मी लावताना भरपूर खडी मिसळली आणि वरही खडीच पसरली. लाकडाचा भुसा घातला तर बुंध्याशी ओल धरून राहते. पहिला उन्हाळाभर पाणी द्यावंच लागतं. मूळ खाली गेलं की पाइप गुंडाळून ठेवायचा. खत घालू नये, रोप भसाभस वाढून मधोमध फाटतं. पानं वरून हिरवी, खालून पांढुरकी लवदार. जुनी होताना फुलं तांबूस होतात, आणि थंडीत पानं जांभळट लाल. वाळलेले तुरे मी लगेच कापत नाही, कारण बी तिथेच पडतं आणि खडीत नवी रोपं उगवतात. ती लहान असतानाच हलवायची. एकदा मूळ खोल गेलं की रोप जागा सोडत नाही. यंदाची मी शेजारणीला दिली आहेत. तिने पुढच्या अंगणातलं निम्मं गवत काढलं आहे.