मनावरचा आघात, उशिरा निदान आणि नुकसानभरपाई

कारखान्यात हात यंत्रात सापडला तर अपघाताची तारीख, वेळ आणि साक्षीदार तिन्ही मिळतात. लोकलखाली माणूस आल्याचे पाहणारा मोटरमन, स्फोटातून वाचलेला कामगार किंवा जळालेले मृतदेह बाहेर काढणारा अग्निशमन जवान यांच्या दुखापतीला मात्र अशी तारीख नसते. आघातोत्तर तणाव विकाराची पूर्ण लक्षणे घटनेनंतर सहा महिन्यांहून अधिक काळाने दिसू शकतात, हे मानसोपचारशास्त्राला मान्य आहे. तोवर निद्रानाश, चिडचिड, दारू अशी वेगळीच नावे त्या त्रासाला मिळालेली असतात.

भारतात 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा दीर्घकाळ लागू होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली. जुन्या कायद्याची रचना संहितेने बहुतांशी कायम ठेवली आहे. दावा दोन वर्षांच्या आत करायचा. विलंबाचे पुरेसे कारण दाखवल्यास तो माफ होऊ शकतो. उशिरा झालेले निदान हे असे कारण म्हणून मांडता येते.

खरी अडचण पुढे आहे. व्यावसायिक रोगांच्या परिशिष्टात शिसे, पारा, सिलिकोसिस आहेत. मानसिक विकार नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2010 मध्येच आपल्या यादीत आघातोत्तर तणाव विकाराचा समावेश केला, हे येथे नमूद करायला हवे. यादीतल्या रोगांना मुदत मोजण्यात मिळणारी सवलत त्यामुळे येथे मिळत नाही, आणि आजार कामावरच्या विशिष्ट अपघातातून उद्भवला हे कामगारालाच सिद्ध करावे लागते. 2006 मध्ये हृदयविकाराच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामाचा ताण आणि मृत्यू यांचा कार्यकारणसंबंध दाखवण्याचा आग्रह धरला होता. मनाच्या आजारात तो दाखवणे अधिक कठीण, हे उघड आहे.

म्हणून डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात केवळ आजाराचे नाव पुरत नाही. लक्षणे केव्हा सुरू झाली, निदान केव्हा झाले आणि कोणत्या घटनेशी त्यांचा संबंध आहे, हे स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. जुने केसपेपर, घटनेची कार्यालयीन नोंद, हजेरीपट, सहकाऱ्यांचे जबाब जपावेत. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगाराला मात्र मालकाकडे नव्हे, महामंडळाकडे दावा करावा लागतो.

नोकरीच धोक्यात असेल तर दिव्यांग हक्क कायदा, 2016 चे कलम 20 पाहावे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेला काढून टाकता येत नाही, आणि मानसिक आजाराचा या कायद्यात समावेश आहे. खासगी नोकरदाराला हे संरक्षण नाही.